खैरनार साहेबांचं थांबलेलं जहाज

माझा यात फायदा काय होता ते आधीच मांडून ठेवतो. म्हणजे पुढे मी जे केलं ते वेडेपणाचं वाटलं तरी बिनहिशेबी वाटणार नाही.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती. नांदगाव टळणं. त्या साली बदल्यांमध्ये माझं नाव नांदगावसाठी निघतंय, ही बातमी मला आमच्या ऑफिसातल्या पुंजाराम शिपायाने दिली, आणि पुंजारामची बातमी आमच्या खात्यात सहीशिक्क्याच्या हुकमाहून पक्की धरतात. नांदगावाशी माझं वैर नाही. गाव चांगलं आहे, बाजार मोठा भरतो, माणसं प्रेमळ आहेत, असं तिथून बदली करून घेतलेले सगळेच सांगतात. पण माझ्या बायकोची, लताची, शाळा नाशिक रोडला, घर नाशिक रोडला, आणि स्वयंपाकातलं मला फक्त जेवता येतं. बदली थांबवणं एकाच माणसाच्या हातात होतं. ते म्हणजे खैरनार साहेब. आणि खैरनार साहेबांना खुर्चीत धरून ठेवील अशी एकच वस्तू अख्ख्या नाशिक रोडात होती. ती माझ्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीखाली होती.

ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम. माझा मेहुणा मल्हारी मस्कतला क्रेन चालवतो. त्याने तो डबा विकायला म्हणून आणला होता. महिनाभर गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने तो आम्हाला मोठ्या प्रेमाने भेट दिला. काळा डबा, त्यात खुपसायची एक कॅसेट, आणि हातात धरायचा दांडा. चालू केलं की टीव्हीवर आकाश दिसायचं, तारे दिसायचे, आणि खाली मधोमध आपलं लढाऊ जहाज. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान जहाजं, राखणदारासारखी. वरून शत्रूची जहाजं उतरायची. पडद्याच्या तळाशी इंधनाची पट्टी आणि उरलेले गोळे. एक कडं, म्हणजे खेळातला एक टप्पा, पार केलं की पुढचं कडं, आणि सगळ्यात शेवटी, म्हणे, शत्रूचं मुख्य जहाज. 'म्हणे' अशासाठी, की ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

साहेब पहिल्यांदा आले ते नुसते चहाला. मी तशी तजवीज केली होती. चहा संपता संपता मी सहज म्हणून खटका दाबला. साहेब मूळचे सटाण्याकडचे. ऑफिसात पुण्याच्या माणसाला लाजवील असं बोलतात, पण आश्चर्य वाटलं की त्यांची भाषा गावी जाते.

"हाई काय शे?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की साहेबांची जीप परस्पर आमच्या दाराशी. मला वाटलं, झालं आपलं काम. मला अजून साहेब कळले नव्हते.

खैरनार साहेब तीस वर्षं खात्यात आहेत. त्यांना नुसतं खेळता येत नाही. त्यांनी पहिल्या आठवड्यातच जहाजावर नेमणुका केल्या. इंधनाकडे मी. डाव्या आकाशाकडे माझा शेजारी निवृत्ती दोंदे. तो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे आणि त्याला दुसऱ्याच्या घरात गर्दी करायची आवड आहे. उजवं आकाश तात्पुरतं माझ्याचकडे, अतिरिक्त कार्यभार म्हणून. गोळे मात्र साहेबांनी स्वतःच्या ताब्यात ठेवले, कारण गोळे म्हणजे साठा.

"गांगुर्डे, इंधन?"

"साहेब, निम्म्याच्या थोडं खाली आलेलं आहे, साहेब."

"शत्रू?"

"उजव्या बाजूने, साहेब, दोन जहाजं येताना दिस—"

एवढ्यात ती दोन जहाजं आलेली असायची, आमचं एक राखणदार घेऊन गेलेली असायची.

घोटाळा कुठे होतो ते निवृत्तीने मला जिन्यात सांगितलं. "तुझ्या वाक्यात दोन साहेब असतात. तेवढ्यात दोन गोळे बसतात. मी बघ कसा नुसतं 'डावीकडं' म्हणतो."

"तू रेल्वेत आहेस," मी म्हणालो.

"मग तू जहाज वाचवणार की बदली थांबवणार, एक काहीतरी ठरव."

त्याला काय जातं. साहेबांना 'साहेब' न म्हणता नुसतं 'उजवीकडं' म्हणून मी ओरडलो असतो तर माझी बदली नांदगावच्याही पुढे झाली असती. तेव्हा मी वाक्यातले 'साहेब' काढून टाकले नाहीत, फक्त वेगाने बोलायची सवय केली. लता म्हणाली, आता तुम्ही जेवतानाही तसंच बोलता.

तरीही, निवृत्तीच्या डोळ्यांवर आणि साहेबांच्या काटकसरीवर आमचं जहाज पुढे सरकत होतं. आणि एका शुक्रवारी ते घडलं. साहेब शेवटच्या कड्यात शिरले. वरून शत्रूचं मुख्य जहाज उतरलं, पडद्याच्या निम्म्या रुंदीचं, आणि त्याने पहिला गोळा सोडला. तो गोळा आमच्या जहाजाच्या नाकासमोर आला असताना बाहेर जीपचा हॉर्न वाजला. साहेबांना त्याच संध्याकाळी सुरगाण्याकडे दौऱ्यावर निघायचं होतं.

साहेबांनी पॉजचं बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. तारे, शत्रू, गोळा, मी.

"गांगुर्डे, हे बंद करायचं नाही," साहेब बूट घालताना म्हणाले. "हात लावायचा नाही. मंगळवारी आलो की पुढे घेऊ." मग दारात वळून, अगदी हलक्या आवाजात, "आणि तुमचं ते नांदगावचंही बघू."

जीप गेली. मी आणि लता पडद्याकडे बघत उभे राहिलो. या यंत्रात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की जहाज गेलं, आणि जहाज गेलं की मी गेलो.

"शुक्रवार ते मंगळवार?" लता म्हणाली. "आणि रविवारचा सिनेमा?"

इथे आमच्या घरातल्या विजेबद्दल थोडं सांगणं भाग आहे. टीव्हीची पिन मोडलेली होती. त्याच्या दोन वायरी आणि गेमच्या दोन वायरी एकत्र पिळून मी एकाच सॉकेटात घातल्या होत्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खोचल्या होत्या. अशी व्यवस्था माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत आहे, त्यामुळे मला तिची लाज नव्हती. पण त्या शुक्रवारपासून मला तिची भीती वाटू लागली. एक काडी जरा सैल दिसत होती. टीव्ही बंद करून गेम चालू ठेवायचा म्हटलं तर टीव्हीचा खटका केव्हाच बिघडलेला, तो आम्ही सॉकेटच्या बटणावरच चालू-बंद करायचो. आणि प्रकाश कमी करायची गोल कळ निघून पडून वर्ष झालं होतं. थोडक्यात, माझ्या घरात विजेची अशी एकच वाट होती, आणि तिच्या टोकाला खैरनार साहेबांचं जहाज उभं होतं.

शनिवारी सकाळी बिल्डिंगला बातमी कळली. वरच्या मजल्यावरच्या भिमामावशी खाली आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्याकडे टीव्ही नाही. त्या आमच्याकडेच बघतात, आणि त्यामुळे आमच्या टीव्हीवर त्यांचा आमच्याहून जास्त अधिकार आहे.

"हे कधी हलणार?"

"मंगळवारी, मावशी."

"मग उद्याचा सिनेमा?"

मावशींनी गोळ्याकडे बोट केलं. "हा दगड याच्या डोक्यात पडणार आहे."

"दगड नाही मावशी, गोळा आहे."

"जे असेल ते. माणसाने मागं यावं अशा वेळी."

"जहाज मागं येत नाही, मावशी," निवृत्ती म्हणाला. तो दात घासत आला होता. "डावीकडं घ्यायचं. उजवीकडं तो खडक बघा ना. उजवीकडं गेलं तर खडकात, सरळ गेलं तर गोळ्यात."

तिथून वादाला सुरुवात झाली. रविवारी सिनेमाच्या वेळेला सवयीने सगळी बिल्डिंग आमच्याकडे जमली आणि सिनेमा नाही म्हटल्यावर परत न जाता जहाजच बघत बसली. तीन तास पडद्यावर काही हललं नाही. तरी कुणी उठलं नाही. मध्यंतराच्या सुमाराला लताने चहा केला. चर्चा एकच, साहेबांनी आल्यावर काय करावं. शेवटी मावशी धरून सगळ्यांचं एकमत झालं की डावीकडे. असं एकमत आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरूनही कधी झालं नव्हतं.

मला मात्र दुसरीच काळजी लागली होती. टीव्हीला हात लावला तर तो तापलेल्या तव्यासारखा. मी त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवला. मग वाटलं, एवढा भार सॉकेट सोसेल का, म्हणून पंखा स्वयंपाकघरातून वायर ओढून लावला. स्वयंपाकघरातून वायर आली म्हणून लता आणि मी दोघंही पाय उचलून चालू लागलो. तरीही मनाची खात्री पटेना, म्हणून सायकल काढून नाशकातल्या द्वारका चौकात बद्रुद्दीनभाईंकडे गेलो. टीव्ही दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं तेच सांगतात.

भाई घरी आले, पडद्याजवळ नाक नेलं आणि मान हलवली.

"गांगुर्डेसाब, ये फोटो अंदर बैठ जायेगा. काचेत उतरेल. मग काय पण लावा, जहाज दिसणार."

"कायमचं?"

"ट्यूब बदला, तर जाईल."

"आत्ता काही करता येईल?"

"बंद करा."

"ते सोडून."

भाई माझ्याकडे आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघू लागले. मग सैल काडी त्यांना दिसली. त्यांनी श्वास रोखला, दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, "मैंने हाथ नहीं लगाया. हे सगळ्यांसमोर सांगून जातो." आणि सांगून गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सोमवारी सकाळी लाउडस्पीकर लावलेली रिक्षा गल्लीतून गेली : तारांवर आलेल्या फांद्या तोडण्यासाठी आज दुपारी या भागातला वीजपुरवठा बंद राहील. माझ्या हातातला दाढीचा ब्रश हातातच राहिला. मी अर्ध्या दाढीने विजेच्या ऑफिसात पोचलो.

खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. "फांद्या तोडणं पुढे ढकलायला कारण लागतं," ते म्हणाले. "घरात आजारी आहे का कुणी?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

"दहावी-बारावीचं कुणी?"

"नाही हो."

"मग काय आहे?"

मी वाकून, मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणालो, "साहेबांचं जहाज आहे."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या साहेबांचं?"

मी साहेबांचं नाव, हुद्दा, खातं सांगितलं. जहाजाचं मात्र फार खोलात गेलो नाही. सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी माणसाचं साहेबावरून अडलेलं काम लगेच कळतं. त्यांनी मला मागच्या दाराकडे पाठवलं, आणि तिथे मला झुंबर लाइनमन भेटला. शिडी खांद्यावर, निघायच्या तयारीत.

"फांदी तर तोडावीच लागंल," झुंबर म्हणाला. "पन आधी बघू द्या, हाय काय ते."

त्याने शिडी आमच्या जिन्यात टेकवली आणि आत येऊन पडद्यासमोर उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"हा वरचा लय मोठा हाय," तो म्हणाला. "तुमचा साहेब उजवीकडं घेनार का?"

"डावीकडे," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

झुंबरने नीट बघितलं. "बरोबर हाय. उजवीकडं खडक." मग उठला. "फांदी परवा तोडतो. पन उद्या साहेब आला की मी येनार बघायला. माझ्या भरवशावर राहिलंय ते."

नाही कसं म्हणणार? अशा रीतीने मंगळवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत निवृत्ती, भिमामावशी, बिल्डिंगमधली बारा घरं, शिडीसकट झुंबर आणि कोपऱ्यात, हात मागे बांधून, बद्रुद्दीनभाई हजर होते. साहेब यायच्या आधी मी सगळ्यांना हात जोडून एक विनंती केली. डावीकडे की उजवीकडे, कुणीही बोलायचं नाही. साहेबांना चारचौघांत शिकवलेलं खपत नाही. जे सांगायचं ते मी सांगेन, रीतसर.

"आणि तू विशेष करून," मी निवृत्तीला म्हणालो.

"अरे पण मी डाव्या आकाशाकडं आहे. माझं कामच ते आहे."

"आज नाही. माझ्या संसाराचा प्रश्न आहे, निवृत्ती."

निवृत्तीने माझ्याकडे बघितलं, एक अख्खी सुपारी तोंडात टाकली आणि ओठ मिटले.

साहेब आले. चेहरा उन्हाने रापलेला, पण डोळे थेट पडद्याकडे. जहाज जागेवर, गोळा जागेवर. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवल्याचं ऐकिवात नाही.

"शाब्बास, गांगुर्डे. असा माणूस नांदगावला पाठवायचा म्हणजे खात्याचं नुकसान. उद्या सकाळी वर लिहितो मी."

लताने पदराने डोळे टिपले. मी त्या क्षणी एवढा सुखी होतो की तिथेच सगळं बंद केलं असतं तरी चाललं असतं. पण साहेब खुर्चीत बसले, दांडा हातात घेतला आणि अंगठा बटणावर नेला.

मी पुढे झालो. हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवलं होतं. "साहेब," मी म्हणालो, "आपली परवानगी असेल तर एक लहानशी सूचना होती, साहेब, की आरंभीच जहाज किंचित—"

साहेबांनी "हं, बोला" म्हणत बटण दाबलं.

"—डा—"

पडदा पांढरा झाला. मग काळा. मग त्या काळ्यावर इंग्रजीत अक्षरं आली, ती वाचायची गरज नव्हती.

खोलीत कुणी हललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"मनं जहाज?" साहेब म्हणाले. "मनं जहाज कोठे शे?"

तेवढ्यात निवृत्तीच्या तोंडातली सुपारी सुटली. आधी नाकातून एक आवाज आला, मग सुपारी जमिनीवर पडून साहेबांच्या बुटापर्यंत घरंगळत गेली, आणि मग निवृत्ती हसला. तो असा हसला की भिमामावशी हसल्या, झुंबर शिडीला धरून हसला, आणि ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं तेही हसले. मी हसलो नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे.

साहेब उठले. चहाच्या कपाकडे त्यांनी बघितलंही नाही. दारात थांबून ते अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "गांगुर्डे, एखादी वस्तू ताब्यात देताना तिच्यापुढचा धोका आधी सांगायचा असतो. आधी."

शुक्रवारी हुकूम आला. प्रशासकीय सोयीसाठी, नांदगाव. नंतर पुंजारामने सांगितलं की साहेबांना त्या खोलीतला जो जो माणूस माहीत होता त्याची चौकशी त्यांनी केली. पण हसलेल्यांपैकी एकही आमच्या खात्यातला नव्हता. रेल्वेच्या माणसाची बदली त्यांच्या हातात नव्हती, मावशींची तर कुणाच्याच हातात नव्हती. हाताशी होतो तो मी एकटा.

आता हिशेब. साहेबांचं एक जहाज गेलं, पण ते मुळात नव्हतंच. मावशींचा एक सिनेमा गेला, पण त्या म्हणतात की सिनेमात एवढी मजा येत नाही. झुंबरने फांदी बुधवारी तोडली. तेव्हा वीज दिवसभर गेली होती, आणि मला तिचं काहीच वाटलं नाही. बद्रुद्दीनभाईंचं म्हणणं खरं ठरलं. आजही आमच्याकडे बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्या बाईंच्या गळ्यापाशी ते जहाज दिसतं आणि कपाळावर तो गोळा. लता लिहिते की आता तिला त्याची सवय झाली आहे, गोळा नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं. ट्यूब अजून बदललेली नाही.

माझी ट्रंक निवृत्तीने स्वतः पार्सलात घातली आणि तिच्यावर 'नाजूक सामान' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. सकाळच्या गाडीला तो मला सोडायला नाशिक रोड स्टेशनावर आला. गाडी हलली, मी दारातून आत वळलो, तोच तो प्लॅटफॉर्मवरून ओरडला.

"डावीकडं बस. उजवीकडं ऊन येतं."

मी डावीकडे बसलो. खरंच, मनमाडपर्यंत ऊन लागलं नाही. हा एवढाच शब्द, एवढ्याच चपळाईने, मंगळवारी त्याच्या तोंडून निघाला असता. पण त्या दिवशी त्याला गप्प बसवलं होतं ते मी. त्यामुळे कसंही मांडलं तरी सगळा खर्च माझ्याच नावावर येतो.